यारीची जीभ

जीभ मोडली तेव्हा दोरावर गाळाचा डबा होता, माणूस नव्हता. तेवढ्यावर घरातल्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ते जेवायला बसले. मला घास गिळता आला नाही.

आमचे घर विहिरींचा गाळ काढणाऱ्यांचे. सासऱ्यांनी घेतलेली हातयारी आम्ही अजून चालवतो. चार पायांचा लोखंडी घोडा, त्यावर तारेचा दोर गुंडाळणारा रूळ, दोन्ही अंगांना एकेक हँडल आणि रुळाच्या डाव्या टोकाला दातेरी चाक. त्या चाकावर वीतभर लांबीची लोखंडी जीभ टेकलेली असते. हँडल फिरवून ओझे वर घेताना ती दातावरून दातावर टक् टक् करीत उतरते, आणि हँडलवरचा हात सुटला तर दातात अडकून चाक जागच्या जागी धरते. विहिरीत उतरलेल्याचा जीव दोराला टांगलेला असतो असे बघणारे म्हणतात. दोर क्वचितच तुटतो. जीव असतो तो जिभेवर.

हे मला कोणी शिकवले नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी जीभ नीट बसली नाही म्हणून हँडल उलटे फिरले आणि माझे खालचे दोन दात घेऊन गेले. त्यानंतर मी त्याच हँडलवर तीस वर्षे उभी राहिले. खाली आधी पती उतरत, ते गेल्यावर मुलगा उतरू लागला. पाच वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी नकार दिला आणि हँडल सुनेच्या हाती गेले. हुकूम मात्र माझाच राहिला. कोणती विहीर घ्यायची, कोणत्या वेळी उतरायचे, कधी थांबायचे हे मी सांगत असे आणि घर ते ऐकत असे.

जेवणे उरकल्यावर मोडलेल्या जिभेचे दोन तुकडे सुनेने माझ्यापुढे ठेवले. मोडलेली जागा करकरीत चकाकत होती. कडेला मात्र गंजाची काळी रेघ होती, म्हणजे चीर जुनी होती. किती महिने माझा मुलगा त्या चिरेवर वर-खाली झाला असेल, हा विचार मी मनातल्या मनात दाबून टाकला.

"मी हे वेल्डरकडे घेऊन जाते," सून म्हणाली. "हुबेहूब करून देईल."

"हुबेहूब? झिजलेलं, मोडकं, तसंच हुबेहूब?"

"चाकाला हेच सवयीचं आहे, आई."

"चाक म्हणजे काय म्हातारा नवरा आहे, सवयीचं लागायला?"

मुलगा हसला. सून हसली नाही. तिने तुकडे पुन्हा फडक्यात बांधले.

"अस्सल जीभ मिळाल्याशिवाय यारी उभी राहणार नाही," मी म्हणाले. "ज्या कारखान्याची यारी, त्याच कारखान्याची जीभ. उद्या शहरात जाऊ."

"आणि बागेचं काम?" मुलाने विचारले.

उन्हाळ्याचे अखेरचे तीन आठवडे हाच आमचा हंगाम. विहिरी तळाला गेलेल्या असतात. पाऊस लागला की काम संपले. दोन वर्षांपासून मोटारीच्या यंत्रावर काम करणारी टोळी इकडे येऊ लागली होती. रुंद विहिरी त्यांनी घेतल्याच होत्या. अरुंद विहिरींच्या तोंडावर त्यांचे यंत्र बसत नसे, म्हणून त्या अजून आमच्याकडे होत्या. मोठ्या बागेची विहीर अशीच अरुंद होती, साठ फूट खोल, सरळ भिंतीची, पायऱ्या नसलेली. बागेच्या माळ्याने निरोप दिला होता की चार दिवसांत आलात तर तुम्ही, नाही तर मोटारवाले लहान यंत्र करून घेऊन येतो म्हणताहेत.

"चार दिवस पुष्कळ झाले," मी म्हणाले.

शहरातल्या हत्यारांच्या दुकानात जुना मालक असता तर त्याने मला खुर्ची दिली असती. आता त्याचा मुलगा बसत होता. त्याने तुकडे बघितले, उलटेसुलटे केले.

"कोणत्या मशीनचा पार्ट, आजी?"

"हातयारीचा."

"मॉडेल नंबर?"

"नंबर नाही. तुझ्या वडिलांना 'यारीची जीभ' एवढं सांगितलं की मिळायची."

"वडिलांना पुष्कळ काही मिळायचं. आम्हाला गिऱ्हाईकच मिळत नाही." शेजारी उभा असलेला एक जण फिदीफिदी हसला. "तो कारखाना बंद झाला त्याला माझ्या वयाएवढी वर्षं झाली असतील. मोटारीचं यंत्र दाखवू? बटण दाबा, माणूस वर. बटण दाबा, माणूस खाली."

"आणि वीज गेली की माणूस कुठे?"

मग दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पाइप फळीवर ठेवताना त्याने आमचे तुकडे कोपराने बाजूला सारले. एक खाली पडला. मुलगा वाकून उचलू लागला. मी त्याला दंडाला धरून उभे केले.

"यांनी पाडला, हे उचलतील," मी म्हणाले.

दुकानदाराने उचलला. पण त्या उचलण्याने जीभ मिळणार नव्हती.

दुपारभर आम्ही भंगारवाल्यांच्या वाड्यांमधून हिंडलो. उन्हाने लोखंड असे तापले होते की हात लावताच कातडी चिकटे. सायकली, शिवणयंत्रे, खाटांचे पाय, कडबा कापायच्या यंत्रांची चाके. मुलगा ढिगावर चढून उलथापालथ करीत होता, मी खालून बोट दाखवत होते. एका भंगारवाल्याने बसायला उलटी बादली दिली.

"जीभ शोधताय होय? बायकांच्या घरात जिभेची वाण कधीपासून पडली?"

"तोंड आवर. माल असला तर दाखव."

"माल नाही. पण तुमची यारीच इकडे आणा, मी तिला माझ्या सगळ्यांत वरच्या ढिगावर ठेवीन. मान राखून."

दुसऱ्या दिवशी आणखी लांबच्या बाजारात गेलो. तिथे एक यारी सापडली, पण तिची जीभ आमच्या आधीच कोणीतरी काढून नेली होती. तिच्या रिकाम्या खिळीत, म्हणजे जिभेचे बूड अडकवायच्या खोबणीत, बोट घालून मी उभी राहिले. परतताना बसमध्ये मुलाच्या तळहातांवरचे कापे पाहत होते, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, एखादी विहीर जिभेशिवाय करू. दोन्ही हँडलांवर माणूस असला म्हणजे झालं. मी काही फार जड नाही."

तो आत्मविश्वासाने बोलला असता तर मी त्याला झापले असते. पण मला धीर यावा म्हणून तो बोलत होता.

"पुन्हा हे तोंडातून काढू नकोस," मी म्हणाले.

घरी पोहोचलो तर अंगणात सून उभी होती. तिच्या हातात काळी, ताजी जीभ. भट्टीचा वास अजून त्या लोखंडाला येत होता.

"वेल्डरने केली," ती म्हणाली. "दोन्ही तुकडे जोडून, त्यावरून माप घेऊन. नुसती लावून तर पाहू."

मी ती हातात घेतली. टोक अरुंद, एका बाजूला तिरपे उतरलेले. आमच्या मोडक्या जिभेचे टोक चाळीस वर्षांत झिजून जसे झाले होते, अगदी तसेच. चांगल्या लोखंडाची पट्टी घेऊन त्याने मुद्दाम म्हातारपण घडवले होते.

"तुकडे कुठे आहेत?"

"त्याच्याकडेच टाकले."

"मला न विचारता."

ती यारी उभी करायला वळली.

"गेटं आणि खिडक्यांचे गज करणाऱ्याच्या हातच्या वस्तूवर मी माझ्या मुलाला टांगणार नाही. ही परत देऊन ये."

"आई, एकदा चाकावर ठेवून..."

"परत देऊन ये, सूनबाई."

तिने मुलाकडे पाहिले. मुलाने चपला काढायला मान खाली घातली. ती तशीच पायी गेली आणि दिवेलागणीच्या आत परत आली. दोघांनाही वाढले, मला पाणी दिले. रागाचा एक शब्द नाही. तो असता तर बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशी मला जायचे नव्हते अशा ठिकाणी मी गेले. पलीकडच्या वस्तीवर आमच्यासारखेच एक घर होते. त्यांची यारी आमच्याच कारखान्याची. चाळीस वर्षे आम्ही एकमेकांच्या विहिरी पळवल्या. त्या घरची म्हातारी, माझ्याच वयाची, आता एकटी राहत होती. मुले शहरात गेली, यारी विकली गेली. ती उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती. उठली नाही.

"आलात शेवटी," ती म्हणाली. "शहर पालथं घातल्यावर आमची आठवण झाली."

"जीभ हवी आहे. असली तर सांगा, नसली तर निघते."

"बसा तरी. गुडघे कुरकुरताहेत, मला इथपर्यंत ऐकू येतंय."

मी बसले. तिने आतून एक पुडके आणले. मेणकापड, त्याच्या आत तेलात भिजवलेले फडके, त्याच्या आत जीभ. यारीबरोबर जास्तीची म्हणून आलेली, कधी न लावलेली. टोक भरीव, चौकोनी, कडा धारदार. कारखान्याचा ठसा जसाच्या तसा. पतीने पहिल्यांदा यारीला तेल घातले होते तेव्हा मी हाच ठसा पाहिला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले असावे, कारण म्हातारीने शेंगांकडे नजर वळवली.

"न्या. काही द्यायला नको. लोखंडाला घरात बसवून काय करू?" मग ती म्हणाली, "तुमचं चाक मात्र एकदा नीट पाहून घ्या."

"आमचं चाक आम्हाला माहीत आहे."

"तसं नाही म्हणत मी. ही कोरी आहे, आणि चाक..."

"आमच्या चाकात खोट काढायची तुमची सवय जुनी आहे," मी म्हणाले आणि उठले. तिने हात झटकले आणि शेंगा पुढे ओढल्या.

अंगणात यारी उभी करून मुलाने जीभ खिळीत ओवली. दगडांनी भरलेले पोते दोराला बांधले आणि दोघांनी हँडल फिरवून ते झाडाच्या फांदीवरून वर घेतले. टक्, टक्, टक्. मध्येच टिक्. पुन्हा टक्. हँडल सोडले. पोते हवेत स्थिर राहिले. तीन वेळा केले, तिन्ही वेळा राहिले.

"आवाज सारखा नाही," सून म्हणाली.

"नवी आहे. बसेल."

"काही दातांवर खोल बोलते, काहींवर नुसती वरच्यावर."

"चार खेपा झाल्या की बसेल, म्हटलं ना!"

तो आवाज मलाही ऐकू आला होता. माझे कान या वयातही शाबूत आहेत. पण हातात ठसा असलेली अस्सल वस्तू होती, ती मी मिळवली होती, आणि दुसऱ्या दिवशी बागेचे काम होते. मी ऐकले आणि बोलले नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

बागेत पोहोचलो तेव्हा माळी विहिरीच्या काठावर बसून दात कोरत होता. मालक शहरात, बाग याच्या जिवावर. दुसऱ्या हँडलवर तोच उभा राहणार होता. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून.

"मला वाटलं, मोटारवाल्यांनाच हार घालावा लागतो की काय," तो म्हणाला. "या, या. विहिरीत पाणी गुडघ्याएवढंही नाही. गाळ मात्र माझ्या बायकोच्या तक्रारींएवढा आहे. काढाल तेवढा थोडा."

यारी विहिरीच्या तोंडावर बसवली. मुलाने दोराच्या टोकाला बांधलेल्या फळीवर पाय ठेवले, दोर छातीशी घेतला. उतरवताना जीभ उचलून ठेवतात आणि दोघेजण हँडल हातानेच सावकाश मागे सोडतात. तो अंधारात जाताना नेहमीप्रमाणे वर पाहून हसला. त्याचे डोके लहान होत होत नारळाएवढे झाले, मग सुपारीएवढे. दोर सैल पडला. "पोहोचलो," असा आवाज भिंतींना घासत वर आला.

सकाळभर काम चालले. गाळाने भरलेला डबा वर यायचा, मी तो काठावर ओढून ओतायची, रिकामा खाली जायचा. गाळ आधी वाळलेल्या गोवऱ्यांसारखा होता, नंतर काळा, थंड, सडका. सुनेच्या खांद्याचे सांधे हँडलबरोबर वर-खाली होत होते. तिचे डोळे डब्यावर नव्हते, चाकावर होते. टक्, टक्, टिक्. प्रत्येक 'टिक्'ला तिचा जबडा आवळे. माझाही.

"आई, आज एवढंच करू," ती दुपारी म्हणाली. "त्याला वर घेऊ."

"तळ हाताशी आलाय. आता थांबलो तर उद्या पुन्हा तेवढंच."

तेवढ्यात खालून मुलाचा आनंदी आवाज आला. झरा मोकळा झाला होता. खडकातल्या फटीतला शेवटचा गाळ छिन्नीने फोडताच पाणी फुसांडून आत येऊ लागले होते. "हा डबा घ्या, मग मला घ्या!"

डबा काठोकाठ भरलेला होता. तो अर्ध्यावर आला तेव्हा माळी म्हणाला, "जरा दम घेऊ द्या," आणि दोघांनी, सगळेच घेतात तसा, हात सोडून दम घेतला. ओझे जिभेवर आले.

टिक्.

मग कर्रर्र असा आवाज झाला आणि जीभ दातावरून घसरली. हँडल उलटे भिरभिरू लागले. माळी मागे कोसळला. सुनेने अंग वळवले नसते तर तिचे तोंड फुटले असते. रूळ गरगरत होता, तार फुत्कारत खाली चालली होती. आणि मग खोलातून धप्प असा आवाज आला.

त्यानंतर काहीच ऐकू आले नाही.

सून काठावर पालथी पडून ओरडली. मी ओरडले नाही. मी काठावर कान टेकवला. किती वेळ गेला कोण जाणे. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"...आहे," खालून आले. "आहे मी. खांदा गेला."

आवाज ऐकून तो भिंतीला चिकटला होता. डबा त्याचा उजवा खांदा खरवडून चिखलात रुतला होता. हात उचलता येत नव्हता.

"पाणी किती?" सुनेने विचारले.

"मांडीच्या वर."

सून उठली आणि चाकाशी बसली. तिने जीभ उचलली, दातांच्या मधल्या खाचेत करंगळीचे टोक घातले, मग दुसऱ्या खाचेत, मग तिसऱ्या. मला तिने बोलावले नाही, मीच वाकून पाहिले. चाळीस वर्षे एकाच जिभेने त्या दातांवर घाव घातले होते. खाचा झिजून अरुंद आणि तिरप्या झाल्या होत्या, कोणतीही दुसरीसारखी नाही. जुनी जीभही त्यांच्याबरोबर झिजत तशीच झाली होती. ही कोरी, चौकोनी, भरीव जीभ कोऱ्या दातांसाठी घडलेली होती. चार-पाच खाचांत तिचे टोक शिरत होते. बाकी ठिकाणी ती दाताच्या शेंड्यावर नुसती टेकत होती.

वेल्डरच्या जिभेचे म्हातारपण याचसाठी होते. हे सुनेने मला म्हटले नाही. तिने फोन लावला.

"ती परत दिलेली जीभ आहे का?... गेटाच्या कडीला?... आणि ते जुने तुकडे?... बरं." तिने फोन खाली घेतला. "पट्टी कापून त्याने दुसऱ्याच्या कामाला वापरली. तुकडे भंगारात गेले. नवी करायला त्याला चाक समोर हवं."

"मोटारवाल्यांना बोलावू," माळी म्हणाला. त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. "दोन तासांत येतील."

"पाणी किती?" सुनेने पुन्हा खाली विचारले.

"कंबर." मग थोड्या वेळाने, "आई, सांग काय करू. तू म्हणशील तसं."

आयुष्यभर मला हे शब्द ऐकायला आवडत आले. त्या क्षणी ते मला नको होते. तो पोहू शकत नव्हता, एका हाताने तर नाहीच. तार इतकी बारीक की हातांनी ओढायला गेले तर बोटे कापली जातील. हँडल दोघांनी फिरवायचे, आणि साठ फुटांत दम न घेता माणूस वर आणणे कोणाच्याही ताकदीबाहेरचे. मी तोंड उघडले आणि त्यातून हुकूम निघाला नाही.

"आई," सून म्हणाली, "छिन्न्यांची पिशवी द्या."

तिने एकेक छिन्नी खाचांत घालून पाहिली. एक लांब, निमुळती छिन्नी प्रत्येक खाचेच्या तळापर्यंत जात होती. तिने कोरी जीभ खिळीतून उपटून गवतात फेकली आणि छिन्नीचे बूड त्या खिळीला टेकवून दाखवले.

"तुम्ही इथे बसा. छिन्नी चाकावर टेकवून ठेवायची. आम्ही फिरवू, तुम्ही टोक दातावरून घसरू द्यायचं. मी 'धरा' म्हटलं की खाचेत पूर्ण दाबायची आणि तशीच धरायची. आम्ही तेव्हाच हात बदलू. माझ्याशिवाय कोणाचं ऐकायचं नाही. त्याचंसुद्धा नाही."

"आणि सुटली तर?" माळ्याने विचारले.

"तर तुम्ही हँडल सोडायचं नाही. दात गेले तरी."

डबा सोडवायला मुलाला एका हाताने केवढा वेळ लागला, मग दोर वर घेतला. फळी बांधून खाली सोडली. त्याने पाय अडकवले, दोर काखेखालून घेतला. "झालं," तो म्हणाला.

मी चाकाशी गुडघे टेकले. खडी हाडात रुतली. छिन्नी दोन्ही हातांनी धरली तेव्हा माझी बोटे दातांपासून दोन बोटांवर होती.

चाक हलले. छिन्नीचे टोक पहिल्या दातावर चढले आणि खाचेत पडले. दुसऱ्या. तिसऱ्या. मोकळ्या दोराचा आणि माणसाच्या ओझ्याचा फरक तळहाताला लगेच कळतो. लोखंडातून त्याचे वजन माझ्या मनगटात आले, मनगटातून खांद्यात.

"धरा!"

मी दाबली. हँडल सुटले. सगळा भार छिन्नीवर आला. ती खिळीवर कुरकुरली, माझ्या हातात थरथरली, आणि राहिली.

"फिरवतोय."

सुनेचे 'धरा' आणि 'फिरवतोय' किती वेळा झाले मी मोजले नाही. मी फक्त पुढची खाच पाहत होते. एक रुंद, एक अरुंद, एक जवळजवळ सपाट. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात नव्हता. एकदा सपाट खाचेशी असतानाच सून ओरडली, "धर!" छिन्नी सरकली, चाक अर्धा दात मागे आले आणि माझ्या डाव्या हाताचे बोट दात आणि छिन्नीच्या मध्ये सापडले. नख उलटे झाल्याचे मला दिसले, जाणवले नाही. मी अंगाचा सगळा भार टाकून छिन्नी खाली रेटली.

"धर! सोडू नकोस! धर!"

पती गेल्यापासून या घरात मुलाखेरीज कोणी मला एकेरी बोलले नव्हते. मी धरली.

"फिरवतोय."

विहिरीतून मुलाचा श्वास ऐकू येऊ लागला. दमट, जवळचा. माळी हुंदके दिल्यासारखा आवाज काढत हँडल ढकलत होता. रक्ताने छिन्नी निसरडी झाली होती, म्हणून मी ती कपड्याच्या टोकात गुंडाळून धरली. माझी नजर खाचेवर. पुढची खाच. त्याच्या पुढची.

"धर!"

मी धरली. काठावर काहीतरी जड ओले घासटले. माळी धावला. पावलांची झटापट झाली, कोणीतरी कण्हले, गवतावर अंग पडल्याचा आवाज आला. सून कोणाला तरी कोरडे कपडे आणायला सांगत होती. दोर सैल झाला असावा. माझ्या हातात मात्र तो भार होता तसाच होता.

"आई," मुलगा मागून म्हणाला. "मी वर आलोय. अगं, बघ इकडे."

त्याचा गार, चिखलाने माखलेला डावा हात माझ्या पाठीवर पडला. मी मान वळवली नाही. छिन्नी खाचेत होती, आणि सुनेने अजून सोडायला सांगितले नव्हते.